घरचा कूलर फझी लॉजिकवर: सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी नियमांपासून वायरिंगपर्यंत

सोलापुरात उन्हाळ्यात कूलर चालवायचा म्हणजे दिवसभर त्याची बटणं फिरवत बसायचं. दुपारी पंखा फुल आणि पाणी चालू. संध्याकाळी पंखा मध्यम. रात्री दोननंतर कुणीतरी झोपेतून उठून पाणी बंद करतं, कारण अंगाला गारठा लागतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर तर पाणी चालू ठेवलं की खोली चिकट होते आणि गारवा काही येत नाही. घरात एक माणूस असा असतोच, बहुतेक आई किंवा आजी, की ज्याला हे सगळं न मोजता कळतं. त्याच माणसाचं शहाणपण यंत्रात कसं उतरवायचं, ते या लेखात पाहू.

यासाठी फझी लॉजिक निवडण्याचं कारण सरळ आहे. साधा थर्मोस्टॅट एका आकड्यावर चालतो: ३५ अंशांच्या वर चालू, खाली बंद. ३४.९ आणि ३५.१ यांत माणसाला काहीच फरक जाणवत नाही, पण यंत्रासाठी ती दोन टोकं असतात. आपल्या चादरीच्या मागावरचं जकार्डचं कार्ड असंच चालतं: भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर नाही, मधलं काही नाही. नक्षीसाठी ते उत्तम. उकाडा मात्र असा हो-नाहीमध्ये बसत नाही. ‘थोडं गरम’, ‘बऱ्यापैकी दमट’ ही आपली भाषा आणि फझी लॉजिक याच भाषेत काम करतं.

लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून ही कल्पना मांडली. एखादी गोष्ट एखाद्या गटात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं न म्हणता ती ० ते १ यांच्या दरम्यान किती प्रमाणात आहे, ते सांगायचं. पुढं १९७० च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी एका छोट्या वाफेच्या इंजिनावर ती वापरली. इंजिन हाताळणारा माणूस ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेतले नियम त्यांनी नियंत्रकाला दिले. डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्ट्या अशाच नियमांवर चालू लागल्या. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहराची भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या गाड्यांचा वेग आणि ब्रेक फझी पद्धतीनं सांभाळला जात होता. १९९० च्या सुमारास जपानी वॉशिंग मशिनमध्ये हे तंत्र आलं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधी अनुभवी माणसाचे नियम आले आणि मग यंत्र. आपणही याच क्रमानं जाऊ.

कूलर नक्की काय करतो

नियम लिहिण्याआधी हे समजून घ्या, नाहीतर नियम चुकतात. कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनानं. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी, म्हणजे ०.६७ युनिटइतकी उष्णता शोषली जाते. पण हवा किती खाली येऊ शकते, याला मर्यादा असते आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवेल, तिथं असते. याला ओलं तापमान म्हणू.

मे महिन्यातली दुपार घ्या. बाहेर ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. अशा हवेचं ओलं तापमान २४ अंशांच्या आसपास येतं. पॅड ७० टक्के कार्यक्षम, म्हणजे ४२ आणि २४ यांतल्या फरकाचे ७० टक्के खाली आणणारं, धरलं तर कूलरमधून साडेएकोणतीस अंशांची हवा मिळते, म्हणजे साडेबारा अंशांचा फरक. आता जून धरा. बाहेर ३२ अंश, आर्द्रता ७० टक्के. ओलं तापमान साडेसत्तावीसच्या घरात. तोच कूलर जेमतेम तीन अंश खाली आणतो आणि वर खोलीत ओल भरतो. तेव्हा नुसता पंखा परवडला.

दुसरी गोष्ट पाण्याची. तासाला ३००० घनमीटर हवा फेकणारा कूलर ती हवा १२ अंशांनी थंड करत असेल, तर तासाला १६ लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. दहा तासांचे १६० लिटर होतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा आकडा लहान नाही. म्हणून माझ्या मते कूलरच्या स्वयंचलनात विजेपेक्षा पाण्याचा विचार आधी व्हायला हवा.

पायरी पहिली: घरातल्या माणसाला विचारा

वही घ्या आणि जो माणूस कूलर हाताळतो, त्याच्याशी बोला. ‘किती अंशाला पाणी चालू करतेस?’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. ‘आई, आत्ता पाणी का बंद केलंस?’ असं त्या क्षणी विचारा. उत्तरं अशी येतात: ‘बाहेर ढग आलेत, आता पाण्याचा उपयोग नाही.’ ‘उकडतंय, पण फार नाही, मधल्यावर ठेव.’ ‘गवत भिजलंय, आता दहा मिनिटं नाही चालवलं तरी चालतं.’ हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. पॅड एकदा भिजलं की काही मिनिटं ओलं राहतं, म्हणून पंप सतत चालवायची गरज नसते. आपण पंपाला टक्केवारी देणार आहोत, म्हणजे दहा मिनिटांतला किती वेळ तो चालवायचा ते ठरवणार आहोत, ते याच वाक्याच्या आधारावर.

पायरी दुसरी: शब्दांना आकडे द्या

दोन गोष्टी मोजायच्या: खोलीतलं तापमान आणि बाहेरच्या हवेची आर्द्रता. तापमान सांगतं गरज किती आहे, बाहेरची आर्द्रता सांगते कूलरची ताकद किती आहे. पुष्कळ जण दोन्ही खोलीतच मोजतात. ते मला पटत नाही, कारण कूलर चालू झाला की खोलीतली आर्द्रता त्याच्यामुळंच वाढते आणि मग यंत्र स्वतःच्याच परिणामाला हवामान समजतं.

तापमानासाठी तीन शब्द. ‘सुसह्य’ २९ अंशांपर्यंत पूर्ण १, तिथून उतरत ३४ ला ०. ‘उकाडा’ २९ ला ०, ३४ ला १, ३९ ला पुन्हा ०. ‘काहिली’ ३४ ला ०, ३९ ला १ आणि त्यापुढं १ च.

आर्द्रतेसाठीही तीन. ‘कोरडी’ ३० टक्क्यांपर्यंत १, ५० ला ०. ‘मध्यम’ ३० ला ०, ५० ला १, ७० ला ०. ‘दमट’ ५० ला ०, ७० ला १ आणि पुढं १.

आलेखाच्या कागदावर हे त्रिकोण काढून पाहा. शेजारचे दोन त्रिकोण एकमेकांत शिरलेले असले पाहिजेत. मध्ये फट राहिली तर त्या तापमानाला एकही नियम लागू होत नाही आणि गणित शून्याने भागाकार मागतं.

हे आकडे मी सोलापूरच्या उन्हाळ्याला धरून घेतले आहेत. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ३९ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. तुमचं घर जुन्या जाड भिंतींचं असेल तर तापमानाचे सगळे आकडे एक-दोन अंशांनी खाली घ्या.

पायरी तिसरी: नऊ नियम

तीन गुणिले तीन, नऊ नियम होतात. प्रत्येक नियमाला दोन उत्तरं: पंखा किती टक्के आणि पंप किती टक्के.

सुसह्य आणि कोरडी: पंखा ३०, पंप २०
सुसह्य आणि मध्यम: पंखा ३०, पंप ०
सुसह्य आणि दमट: पंखा ४०, पंप ०
उकाडा आणि कोरडी: पंखा ६०, पंप ६०
उकाडा आणि मध्यम: पंखा ६०, पंप ४०
उकाडा आणि दमट: पंखा ८०, पंप ०
काहिली आणि कोरडी: पंखा ९०, पंप १००
काहिली आणि मध्यम: पंखा १००, पंप ७०
काहिली आणि दमट: पंखा १००, पंप २०

हा तक्ताच खरा नियंत्रक आहे, बाकी सगळी तारांची जोडणी. म्हणून तो छापून घरातल्या सगळ्यांना दाखवा. ‘उकाडा आणि दमट असताना पाणी अजिबात नको’ हे त्यांना पटतं का, विचारा. पटत नसेल तर आकडा बदला. इथं त्यांचा अनुभव तुमच्या गणितापेक्षा वरचढ धरा.

पायरी चौथी: एकदा हाताने गणित करा

ही पायरी कुणीही गाळू नये. समजा खोलीत ३७ अंश आहेत आणि बाहेरची आर्द्रता ३६ टक्के.

तापमान: ३९ मधून ३७ वजा, भागिले ५, म्हणजे उकाडा ०.४. काहिली ०.६. सुसह्य ०.
आर्द्रता: ५० मधून ३६ वजा, भागिले २०, म्हणजे कोरडी ०.७. मध्यम ०.३. दमट ०.

आता प्रत्येक नियमाचं वजन. नियमातल्या दोन शब्दांपैकी जो आकडा लहान, ते त्या नियमाचं वजन. काहिली-कोरडी ०.६, काहिली-मध्यम ०.३, उकाडा-कोरडी ०.४, उकाडा-मध्यम ०.३. बाकी पाच नियमांचं वजन शून्य. बेरीज १.६.

पंखा: ०.६ गुणिले ९० म्हणजे ५४, ०.३ गुणिले १०० म्हणजे ३०, ०.४ गुणिले ६० म्हणजे २४, ०.३ गुणिले ६० म्हणजे १८. एकूण १२६, भागिले १.६, उत्तर जवळपास ७९.
पंप: ६० अधिक २१ अधिक २४ अधिक १२, एकूण ११७, भागिले १.६, उत्तर ७३.

दहा मिनिटांच्या फेरीत पंप ७३ टक्के वेळ चालवायचा, म्हणजे ७ मिनिटं १८ सेकंद चालू आणि उरलेला वेळ बंद. तासाभरानं खोली ३३ अंशांवर आली आणि बाहेर तेवढीच आर्द्रता राहिली, तर याच गणितानं पंखा ५१ आणि पंप ४१ येतो. स्वतः करून पडताळा. उत्तर हळूहळू उतरतं, धाडकन बंद होत नाही.

वजनानुसार सरासरी काढण्याची ही रीत ताकागी आणि सुगेनो या जपानी संशोधकांच्या १९८५ च्या पद्धतीचं सगळ्यात सोपं रूप आहे. ममदानींच्या मूळ पद्धतीत उत्तरंही त्रिकोणांच्या रूपात असतात आणि त्यांचा गुरुत्वमध्य काढावा लागतो. घरच्या कूलरसाठी त्याची गरज नाही. हे सूत्र एक्सेलमध्ये बसवा, २५ ते ४३ अंश आणि १५ ते ९० टक्के यांतले वेगवेगळे आकडे घालून पाहा. जिथं उत्तर विचित्र वाटेल, तिथला नियम तपासा. कागदावर सापडलेली चूक फुकट सुधारते.

पायरी पाचवी: सामान

ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक), दोन डीएचटी२२ सेन्सर (तापमान आणि आर्द्रता मोजणारे), चार रिलेंचं मोड्यूल (रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच), एक फ्लोट स्विच (पाण्याची पातळी सांगणारा), पाच व्होल्टचा चांगला अडॅप्टर, झाकणाचा प्लास्टिकचा बॉक्स आणि तारा. एवढं दीड-दोन हजारांत बसतं. डीएचटी२२ तापमान अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगतो आणि दोन सेकंदांतून एकदाच वाचता येतो, आपल्याला तेवढं भरपूर आहे. त्याच्या डेटाच्या तारेला १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडायला विसरू नका. डीएचटी११ स्वस्त असला तरी घेऊ नका, आर्द्रतेत तो फारच ढोबळ आहे.

याशिवाय ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. हिच्यात काटकसर करायची नाही. पत्र्याचा कूलर, टाकीत पाणी, ओली फरशी आणि २३० व्होल्ट हे जीवघेणं जुळणं आहे, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात. कूलरच्या बॉडीला पक्कं अर्थिंग हवं आणि त्याच्या सर्किटवर आरसीसीबी हवी. हे दोन्ही परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला असावा, हा नियम स्वयंचलन बसवल्यावरही कायम.

पायरी सहावी: जोडणी

कूलरच्या मोटरला बहुधा वेगाच्या तीन तारा असतात: स्लो, मीडियम, फास्ट. फिरवायचं बटण फेज त्यांपैकी एकीला देतं. दोन तारांना एकदम फेज मिळाली तर वाइंडिंग तापून जळतं. म्हणून तीन रिले तीन तारांना समांतर जोडू नका, प्रोग्रॅममधली एक चूक मोटर घालवेल. साखळी करा.

रिलेला तीन टोकं असतात: कॉमन, एनओ (रिले लागल्यावरच कॉमनला जोडलं जाणारं) आणि एनसी (रिले सुटलेला असताना कॉमनला जोडलेलं). फेज पहिल्या रिलेच्या कॉमनला द्या. त्याच्या एनओ टोकातून तार दुसऱ्या रिलेच्या कॉमनला. दुसऱ्याचं एनसी टोक स्लोला, एनओ टोक तिसऱ्या रिलेच्या कॉमनला. तिसऱ्याचं एनसी मीडियमला, एनओ फास्टला. आता काहीही झालं तरी एका वेळी एकाच तारेला वीज मिळेल. पहिला रिले सुटला की पंखा बंद, त्यामुळं बोर्ड बंद पडला तरी मोटर सुरक्षित. चौथा रिले पंपासाठी. मोटर आणि पंपाच्या रिलेच्या संपर्कांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स२ प्रतीचा स्नबर (मेन्सच्या विजेवर चालणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला की ठिणगी कमी होते आणि बोर्ड मधेच रीसेट होत नाही.

पंख्याचा डिमर वापरून वेग अगदी सलग बदलावा, असा मोह होतो. कूलरच्या कपॅसिटर मोटरला ते मानवत नाही. ती गुणगुणते आणि तापते. तीन वेग पुरेसे आहेत.

बॉक्स कूलरवर न लावता बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर लावा आणि तारा खालून आत घ्या. खोलीतला सेन्सर बसल्यावर डोकं जिथं येतं त्या उंचीवर, कूलरच्या थेट झोतापासून बाजूला. बाहेरचा सेन्सर सावलीत, पॅडपासून किमान हातभर लांब, नाहीतर तो पॅडचीच ओल मोजत बसेल. फ्लोट स्विच टाकीच्या तळाशी, पंप बुडतो त्या पातळीच्या थोडा वर.

पायरी सातवी: प्रोग्रॅमचा क्रम

दर पाच सेकंदांनी सेन्सर वाचा आणि शेवटच्या दहा वाचनांची सरासरी धरा. दर मिनिटाला फझी गणित करा. पंख्याचा आकडा ४५ च्या खाली स्लो, ४५ ते ७५ मीडियम, त्यावर फास्ट. मात्र सीमेवर ५ ची सवलत ठेवा: मीडियमवरून फास्टला जायला ८० लागतील, फास्टवरून उतरायला ७०. शिवाय एकदा वेग बदलला की तीन मिनिटं पुन्हा बदलायचा नाही. एवढं केलं नाही तर रिलेची टकटक रात्री झोपू देणार नाही. खोली २७ अंशांच्या खाली गेली की पंखाही बंद.

वेग बदलताना आधी पहिला रिले सोडा, एक सेकंद थांबा, दुसरा-तिसरा हवा तसा लावा, मग पहिला जोडा. पंखा बंद स्थितीतून सुरू होताना पाच सेकंद फास्टवर चालवून मग खाली आणा, कारण संध्याकाळी व्होल्टेज कमी असलं की स्लोवर मोटर जागची हलत नाही.

फझी गणिताच्या वर काही ठाम नियम हवेत, तिथं ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’ चालत नाही. फ्लोट स्विचनं पाणी कमी सांगितलं की पंप लगेच बंद. खोलीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पंप बंद. एक मिनिट सेन्सरचं उत्तर नाही आलं तर पंप बंद आणि पंखा स्लो. आणि हाताने चालवायचं जुनं बटण टू-वे स्विचनं शाबूत ठेवा. घरातल्या वयस्कर माणसाला यंत्र झिडकारता आलं पाहिजे.

पायरी आठवी: जुळवणी

पहिला आठवडा फक्त नोंद करा: वेळ, तापमान, आर्द्रता, पंखा, पंप आणि घरातली तक्रार. तक्रारीचे दोन प्रकार असतात. ‘फार उशिरा जोर धरतो’ अशी असेल तर त्रिकोणांच्या सीमा सरकवा. ‘वेळेवर चालू होतो, पण जास्त गार करतो’ अशी असेल तर नियमातला आकडा कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला आणि दोन दिवस थांबा.

काही तक्रारी नियमांनी सुटत नाहीत. समोरची खिडकी बंद असेल तर हवेला बाहेर जायला वाट नसते, खोलीतली आर्द्रता चढते आणि यंत्र पंप बंद करत राहतं. खिडकी वीतभर उघडा. बोअरचं जड पाणी असेल तर पॅडवर क्षार धरतात, हवा कमी येते आणि सगळं गणित ढासळतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासांची पैदास थांबायलाही हेच करावं लागतं. त्या दिवसाची आठवण बोर्डवरचा दिवा लुकलुकवून देता येते.

पाणीटंचाईचेही शब्द

हे सगळं महिनाभर नीट चाललं की एक भर घालण्यासारखी आहे. घराच्या वरच्या टाकीतली पातळी आणि नळाला पाणी येऊन झालेले दिवस, हे दोन्ही यंत्राला सांगा. दिवस मोजायला सेन्सर नको, पाणी आलं की दाबायचं एक बटण पुरे. ‘ताजं पाणी’ दोन दिवसांपर्यंत १, चार दिवसांना ०. ‘लांबलं पाणी’ दोन दिवसांना ०, चार दिवसांना १. टाकीसाठी ‘भरलेली’ आणि ‘तळाला’, सीमा ६० आणि २० टक्के.

यातून निघालेला आकडा पंपाच्या टक्केवारीला गुणायचा. पाणी लांबलेलं आणि टाकी तळाला असेल तर ०.४. लांबलेलं पण टाकी भरलेली, किंवा ताजं पण टाकी तळाला, तर ०.७. ताजं आणि भरलेली असेल तर १. समजा पाणी येऊन तीन दिवस झाले आणि टाकी ४० टक्के आहे. चारही नियमांचं वजन ०.५ येतं आणि गुणक ०.७. वरच्या उदाहरणातला ७३ टक्के पंप मग ५१ टक्क्यांवर येतो, म्हणजे दहा मिनिटांत पाच मिनिटं सहा सेकंद. पॅड मधूनमधून अर्धवट सुकेल, खोली एखाद-दुसऱ्या अंशानं गरम राहील आणि स्वयंपाकाचं, पिण्याचं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरेल. किती गरम चालेल आणि किती पाणी राखायचं, हे गुणक ठरवताना मात्र पुन्हा वही घेऊन घरातल्यांसमोरच बसा.